‘कागो’ वाहणारे: भोई, हमाल की डोलीवाले?

मोगरी: जपानी चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो मालिकेवर (तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावरच्या मुक्कामांची ठसेचित्रं, १८३३-३४) लेख लिहितेय. ‘शोनो’ मुक्कामाच्या ठशात तिरपा पाऊस कोसळतोय आणि दोन गडी ‘कागो’ घेऊन चढ चढताहेत. कागो म्हणजे एकाच दांड्याला टांगलेली बैठक. मी ‘भोई’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘भारवाहक’ केलं. काय ठेवू?

कृष्णाकाठ: भोईच ठेवा. भारवाहक हा फायलीतला शब्द. चिंब भिजून धावणाऱ्या माणसाला तो चिकटतच नाही.

निरांजन: भोई ही आपल्याकडची जात. शब्द आला की तिचं सगळं जगणं सोबत येतं, ते त्या जपानी माणसांवर का लादायचं? हमाल म्हणा.

शब्दनिष्ठ: हमाल अरबी आहे. ‘हम्ल’ म्हणजे ओझं. मराठी लेखात मराठी शब्द हवा, भारवाहक योग्यच.

निरांजन: महाराष्ट्राच्या १९६९च्या कामगार कायद्याच्या नावातच ‘माथाडी, हमाल’ आहे. अजून किती मराठी व्हायचं त्या शब्दानं?

रानवाट: हमाल पोती उचलतो, माणसं नाही. आमच्या जव्हारकडच्या पाड्यांवर रस्ता नसला की आजाऱ्याला बांबूला बांधलेल्या चादरीत घालून नेतात. माझ्या आत्याला तसंच नेलं होतं. पुढचा-मागचा एका दमात खांदा बदलायचे, तोंडातून शब्द नाही. त्याला डोली म्हणतात. टांगलेलं आहे, दांडा एकच आहे. मग ‘डोलीवाले’ का नको?

मोगरी: डोली पटतेय. पण याच मालिकेत ओइ नदीही आहे. तिच्यावर पूल नव्हता, उतारूंना खांद्यावर घेऊन पार करत. मजुरी पाण्याच्या खोलीवर ठरे: मांडीला एक दर, कमरेला वेगळा, छातीला आणखी जास्त. तिथे डोलीवाले कसं चालेल?

कृष्णाकाठ: म्हणूनच भोई! पालखीही त्यांचीच, नदीही त्यांचीच. आजोबा सांगायचे, पुराच्या दिवसांत भोई सांगडीवरून माणसं पलीकडे न्यायचे.

रानवाट: ‘सांगड घालणं’ म्हणतो ते यावरूनच का?

कृष्णाकाठ: यावरूनच. भोपळे एकमेकांना बांधायचे, ती सांगड.

शब्दनिष्ठ: सांगड दोन होड्यांची. भोपळ्यांचा तो नुसता तराफा.

कृष्णाकाठ: आमच्याकडे भोपळ्यांचीच म्हणतात. तराफा ओंडक्यांचा.

निरांजन: कोकणातलं कुणी आहे का इथे? तिकडे दोन होड्या जोडल्या की काय म्हणतात?