पाच इंच पुरे आणि सब म्हणजे पाप? कुणी ठरवलं?

मंद्रसप्तक

परवा इथेच एकाने ‘होम स्टुडिओवाल्यांनो, एकदाच सांगतो’ अशा थाटात लिहिलं की मीटरभरावरून ऐकणाऱ्याला पाच इंची वूफरच्या वरचा मॉनिटर, म्हणजे मिक्स करायचा स्पीकर, लागतच नाही, आठ इंच ही मिरवायची हौस, आणि लहान खोलीत सब (नुसता खालचा बेस वाजवणारा सबवूफर) आणणारा स्वतःच्या हाताने मिक्सची माती करतो. खाली नेहमीप्रमाणे ‘+१’ आणि ‘अगदी मनातलं’ची रांग. तेव्हा गप्प बसलो. पण दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा वेगळा धागा. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी +१ देऊन पुढे व्हावं.

पाच इंचवाले ज्या आकड्याच्या जिवावर बोलतात तो आधी नीट वाचा. यामाहाच्या एचएस५च्या कागदावर ५४ हर्ट्झ आहे, एचएस८च्या ३८. दोन्ही आकडे वजा १० डेसिबलचे. म्हणजे ५४ला आवाज हजेरी लावण्यापुरता. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१वर वाजते, पाच तारांची असेल तर खालची ३१वर. पाच इंचीवर तिचे वरचे हार्मोनिक (त्या सुराच्या पटीतले सूर) तेवढे ऐकू येतात, खालचा सूर मेंदू पदरचा घालतो. मेंदूने घातलेल्या सुराला फेडर (आवाज कमीजास्त करायची पट्टी) कुठून लावणार?

आता माझी फजिती. एका गायिकेचं रेकॉर्डिंग केलं होतं. जमीन लाकडी, माइकचा स्टँड थेट जमिनीवर, आणि बाईंना टाचेने ठेका धरायची सवय. माझ्या पाच इंचींवर सगळं लख्ख. सगळे खूश. मग ते गाणं एका सभागृहात मोठ्या सिस्टीमवर लागलं आणि प्रत्येक मात्रेला ‘धुप… धुप…’, जणू स्टेजखाली कुणी उखळ घेऊन बसलंय. मी मागच्या रांगेत होतो, तिथूनच सटकलो. पुढच्या आठवड्यात सब आला. तीच फाइल लावली, तर पहिल्याच ओळीत टाच!

सब बेस वाढवायला लावलेला नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि मॉनिटरमधली वाटणी, ८० हर्ट्झला, मॉनिटरना खालून हाय-पास (खालचे सूर गाळणारा फिल्टर), आणि सबची पातळी अशी की बंद केल्यावर कळावं, अरे, हा चालू होता. एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा तर शंकूला चौपट हलावं लागतं. ते ओझं उतरलं की पाच इंचीचा मधला आवाजसुद्धा सुटा होतो. हे करून बघितलेल्यांनीच वाद घालावा.

चौकोनी_खोली

तो ‘एक’ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, मी काही चावत नाही.

तुमच्या गोष्टीतला आरोपी पाच इंची नाही, तुम्ही आहात. गाण्याच्या ट्रॅकला हाय-पास लावायला सब लागत नाही, एक बोट लागतं. बोट हललं नाही म्हणून यंत्र विकत घेतलंत आणि आता आम्हाला शिकवताय.

माझाही अनुभव ऐका. माझी खोली ३.४ मीटर लांब. हौसेने आठ इंची आणले. किकला पोटच नाही असं वाटायचं. वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. गाडीत लावलं तर दारं थरथरायला लागली, आणि ज्या मुलांचं गाणं होतं त्यांच्यातला एकजण म्हणाला, ‘दादा, आपण वाजवलं त्यातलं यात काय आहे?’ आठ इंची विकले, पाच इंची घेतले, मिक्स सुधारले. हे ब्रोशर वाचून सांगत नाहीये, भोगून सांगतोय.

लहान खोलीत ४०ची लाट मावतच नाही. साडेआठ मीटरची असते ती. मावतच नाही तर वाजवायची कशाला?

सोल्डरवाली

‘लाट मावत नाही’ अजून हयात आहे हे पाहून भरून आलं. हेडफोनचा पडदा कानापासून दोन बोटंही लांब नसतो. तिथे साडेआठ मीटर घडी घालून ठेवतात का? कानाला दाब कमीजास्त झालेला कळतो. तो लाटेला टेप लावत बसत नाही.

बरं, तुमचीच खोली घेऊ. ध्वनीचा वेग ३४३, भागिले दुप्पट लांबी, म्हणजे ५० हर्ट्झ. हा तुमच्या खोलीचा लांबीतला पहिला मोड, म्हणजे दोन भिंतींमध्ये घुमणारा सगळ्यात खालचा सूर. खोलीच्या बरोबर मधोमध त्याचा दाब जवळपास शून्य. तुमची खुर्ची मधोमधच होती ना? तरीच! किकचं पोट त्या खड्ड्यात गेलं आणि तुम्ही वरून माती ओतत बसलात. पाच इंची ५०ला आपसूकच मान टाकतात, म्हणून तुम्ही तिथे हात लावायचं सोडलंत. गाडी विकल्यावर अपघात थांबले, त्यातलाच हा प्रकार.

मंद्रसप्तक, तुम्हीही फार खूश होऊ नका. आठ इंचवाल्यांची बाजू घेतल्यासारखं लिहिलंय आणि शेवटी घेतलाय सब, वर पाच इंची तशाच ठेवून! खरं तर टेबलावर ८० सेंटिमीटरवरून आठ इंची टू-वे (खालच्याला वूफर, वरच्याला ट्वीटर) हा त्रासच आहे. २ किलोहर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर, तिथली लाट १७ सेंटिमीटर, शंकूही जवळपास तेवढाच. म्हणजे वूफरचा आवाज तिथे अरुंद झोतात जाणारा आणि ट्वीटरचा मोकळा पसरणारा. वर दोघांमध्ये वीतभर अंतर. एवढ्या जवळून ते एकजीव होत नाहीत, कीबोर्डवर वाकलात की गायकाचा आवाज बदलतो.

जुना_टेपवाला

मोड, लाट, सेंटिमीटर. वाचून करमणूक झाली.

आमच्याकडे यामाहाचे पांढऱ्या शंकूचे एनएस-१० मॉनिटर होते. १९७८ला घरी गाणी ऐकायला म्हणून निघाले, सात इंची, बंद पेटी. खाली काही नाही आणि मध्ये नुसती किरकिर. ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून काम करायचो. अर्ध्या जगाने त्यांच्यावर मिक्स केलं. त्यांच्यावर जमलं की कुठेही जमायचं. सब कुणी बघितला होता? आजकाल आधी खरेदी, मग कान.

चौकोनी_खोली

+१०० काका. हेच म्हणत होतो.

सोल्डरवाली

काका, अर्धीच गोष्ट सांगताय. एनएस-१० मिक्सरच्या माथ्यावर दिसायचे, हे खरं. त्यांच्या मागच्या भिंतीत काय चिणलेलं असायचं? पंधरा इंची वूफरवाले मेन्स, म्हणजे स्टुडिओचे मोठे स्पीकर. खालचं तिथे तपासायचं आणि कौतुक पांढऱ्या शंकूचं करायचं. आता घरोघरी पोरं भिंतीतल्या मेन्सशिवाय नुसता पांढरा शंकू आणतात आणि ‘दंतकथा आहे’ म्हणून त्यालाच नमस्कार करतात.

जुना_टेपवाला

मेन्स क्लायंट आला की लावायचे. त्याला खूश करायला. आम्हाला त्यांची गरज नव्हती. तुम्ही तेव्हा कुठल्या इयत्तेत होतात?

आलेखवेडा

काकांची बाजू थोडी घेतो, पण कारण वेगळं. एनएस-१०ची साउदम्प्टन विद्यापीठात मोजणी झाली, २००१ची गोष्ट. त्यात वरखाली होणारा रिस्पॉन्स दिसतोच, पण खालचा आवाज किती पटकन थांबतो तेही दिसतं. बंद पेटी सप्तकाला १२ डेसिबलने उतरते, पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली) २४ने, आणि पोर्टची पेटी स्वतःच्या सुरावर रेंगाळते. किक आणि बेस एकमेकांच्या पायात येताहेत का, हे बंद पेटीवर चटकन कळतं. नेमके त्याच वर्षी यामाहाने ते बंद केले, शंकूसाठी लागणारा लगदा मिळेना म्हणून. तेव्हा यात टिश्यू पेपरची जादू नाही आणि कानांचीही नाही.

जुना_टेपवाला

आलेख काढणाऱ्यांनी शेवटचं गाणं कधी ऐकलं होतं?

सोल्डरवाली

माझी इयत्ता काढलीत, त्यांचे कान काढलेत. बाकीच्यांचं काय काढणार आहात ते एकदाच सांगून टाका. प्रश्न साधा आहे: एनएस-१०वर ४० हर्ट्झला काय चाललंय हे तुम्हाला कळायचं कसं?

जुना_टेपवाला

कसं म्हणजे? वूफरकडे बघून. शंकू किती आत-बाहेर होतोय ते दिसायचं. शंका आलीच तर कडेला हलकं बोट टेकवायचं. किक नीट असेल तर बोटाला एक ठोका बसतो आणि शंकू जागेवर येतो. खाली घाण असेल तर शंकू वाहवत राहतो, आवाजाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. हे कुठल्या सॉफ्टवेअरात शिकवत नाहीत.

सोल्डरवाली

म्हणजे ऐकू येत नव्हतं, म्हणून हात लावून बघायचात.

मंद्रसप्तक

😀 धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

जुना_टेपवाला

हो, हसा. बोटाला सब म्हणा हवं तर. वीज खात नव्हतं आणि खालच्या मजल्यावरून तक्रारही यायची नाही.

रात्रपाळी

तक्रारीचा विषय निघालाच आहे तर… माझं सगळं काम रात्री. सब आहे, आणि बहुतेक वेळा बंद असतो. शेजाऱ्यांना गाणं ऐकू जात नाही, नुसता घुमारा जातो, आणि घुमाऱ्याशी कुणी भांडू शकत नाही, फक्त दार वाजवू शकतो. पण त्याहून मोठी अडचण कानांची आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्येच दाखवलंय की आवाज लहान केला की बेस सगळ्यात आधी हरवतो. मी हळू आवाजात सब ‘बरोबर’ लावायचो, म्हणजे प्रत्यक्षात दुप्पट. त्याच्यावर मिक्स करायचो, सकाळी ऐकलं की गाणं खालून उपाशी. आता सबच्या नॉबवर पांढरी खूण केली आहे. खुणेच्या पुढे जायचं नाही, कान काहीही म्हणोत. सब विकत घ्या म्हणणारे ही खूण कधी सांगत नाहीत.

डग्ग्याची_घसीट

तुमचं किक आणि बेस गिटारचं चाललंय, मी तबला रेकॉर्ड करतो. खोलीचा खोटेपणा मला दोन इंचात पकडता येतो, वूफरच्या नव्हे, तळहाताच्या. मनगटाने डग्गा दाबत नेला की सूर खालून वर सरकत जातो. चांगल्या जागी बसलात तर ती घसीट एका ओघात ऐकू येते. वाईट जागी मध्येच सूर बुडतो आणि पलीकडे एकदम फुगून वर येतो. वाजवणारा म्हणतो, ‘माझा हात कमी पडला का?’ हात ठीक असतो, खुर्ची चुकलेली असते. पाच, आठ, सब, सगळ्यांवर हे झालंय. सब आल्यावर एकदा जास्तच वाईट झालं होतं, कारण तो कोपऱ्यात ढकलला होता. जागा तिथेच उरली होती.

मंद्रसप्तक

जागा तिथेच उरली होती! ऐंशी टक्के सब याच एका कारणासाठी कोपऱ्यात असतात (टक्केवारी माझ्या मनाची). सब उचलून खुर्चीवर ठेवा. ४० ते १०० जाणारी बेसची ओळ फिरवत ठेवा आणि भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगा. जिथे सगळे सूर सारखे वाटतील तिथे सब. घरच्यांनी बघितलं तर प्रश्न विचारतील, त्याला इलाज नाही. मग सबची पोलॅरिटी (शंकू आधी आत की बाहेर, ती दिशा) उलटी करून ८०चा सूर लावा, फेजचा (सब किती मागेपुढे वाजतो त्याचा) नॉब फिरवत आवाज सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा, आणि पोलॅरिटी सरळ करा. मॉनिटर रांगत नेता येत नाहीत, ते कानांसमोरच हवेत. सब नेता येतो. माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

पण सोल्डरवालींचं एक मान्य करतो, नाइलाजाने. सब आणला त्याच दिवशी मी टेबलही भिंतीकडे सरकवलं होतं. टाच कशामुळे ऐकू आली, याची शपथ घेऊन सांगू शकत नाही.

चौकोनी_खोली

ही कबुली पहिल्या पोस्टमध्ये असती तर माझी दोन रात्रींची झोप वाचली असती.

असो. काल रात्री कुणाला न सांगता खुर्ची पुढे घेतली. मधोमध होती, म्हणजे १.७ मीटरवर. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसायचं ते गणित करून १.३वर आणली, टेबल पार भिंतीला चिकटलं, मॉनिटरच्या मागचं बेस कमी करायचं बटण एक घर खाली. तोच जुना, दारं थरथरवणारा मिक्स लावला. किकला पोट आहे. खरं तर पोटच आहे, बाकी काही नाही. एवढं घाणेरडं मिक्स मी लोकांना दिलं होतं.

आठ इंची विकायला नको होते का, हा प्रश्न कृपया कुणी विचारू नये.

सब तरीही घेणार नाही. आणि काका, शंकूवर बोट ठेवून बघितलं. पाच इंचीवर गुदगुल्या होतात फक्त.

सोल्डरवाली

आता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर जाड रॉकवूल लावा. बोटभर फोम नको. तो वरचे आवाज खातो आणि खालच्यांना हात जोडून वाट देतो.

चौकोनी_खोली

बोटभर फोम लावून झालाय. भिंतभर. त्यावर तुम्ही वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येतो.