जुन्या गाडीचे चिकट झालेले स्टिअरिंग: पुसावे, मढवावे की बदलावे?

वाडीकर (रत्नागिरी) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी असून तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा आजही उत्तम आहेत. तक्रार आहे ती केवळ स्टिअरिंगच्या चाकाची. गेली दोन वर्षे, विशेषतः पाऊस सुरू झाला की, चाकाची कडा काकवी सांडल्यासारखी चिकट होते, तळहाताला काळा रंग लागतो आणि तोच पुढे सदऱ्याच्या बाहीवर उमटतो. उन्हाळाभर गाडी उघड्यावर उभी असते आणि हंगामात आंब्याच्या पेट्या उतरवल्यावर हात न धुताच मी अनेकदा चालवायला बसतो, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आतापर्यंत दोन उपाय करून पाहिले. डॅशबोर्डचे पॉलिश लावले, तेव्हा दोन दिवस चाक चकाकले, परंतु आंबा घाट उतरताना ते हातातून निसटू लागले म्हणून घाटातच गाडी थांबवून पुसावे लागले. नंतर टाल्कम पावडर लावली, तर तिचा चिकटपणाशी मिळून गोळा झाला. आता एक मेकॅनिक पेट्रोलने पुसण्यास सांगतो, तर सीटकव्हरवाला वरून कव्हर चढवण्यास सांगतो. चाकात एअरबॅग नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त रसायन शिक्षक

वाडीकर, पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांपैकी काहीही कृपया लावू नका. चाकाच्या आत धातूचा सांगाडा असतो आणि आपण हातात धरतो तो भाग बहुतेक गाड्यांत त्याभोवती साच्यात ओतलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा फोम असतो. ही द्रव्ये त्या फोमलाच फुगवतात आणि मऊ करतात.

चिकटपणा दोन प्रकारचा असतो आणि कोणताही उपाय करण्यापूर्वी आपला कोणता हे ओळखणे आवश्यक आहे. पहिला केवळ मळाचा असतो, म्हणजे घाम, त्वचेचे तेल आणि धूळ यांचा वर्षानुवर्षे बसलेला थर. दुसऱ्या प्रकारात पदार्थच विघटित होत असतो. पॉलियुरेथेनच्या एका मोठ्या वर्गात एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात. उष्णता आणि दमट हवा मिळाली की पाणी हे बंध हळूहळू तोडते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढील विघटनाला आणखी वेग देते. कपाटात नुसते ठेवलेले जुने बूट एखाद्या पावसाळ्यात घातले की तळवा भुगा होऊन गळून पडतो, त्यामागेही प्रामुख्याने हेच कारण असते. तुटलेले बंध पुन्हा जोडणारे कोणतेही पॉलिश बाजारात नाही, त्यामुळे तसे सांगणाऱ्या बाटलीवर पैसे घालवू नयेत.

ओळखण्याची रीत साधी आहे. चाकाच्या खालच्या भागात, मागील बाजूस बोटभर जागा निवडावी, कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब घालून मऊ कापडाने पुसावी, कोरड्या कापडाने टिपावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. कापडावर तपकिरी मळ आला आणि सकाळी जागा कोरडी लागली, तर नुसता मळ होता. कापडावर काळा रंग उतरत राहिला आणि सकाळी बोट पुन्हा चिकटले, तर पदार्थ गेलेला आहे. ही तपासणी वरच्या भागावरही करावी, कारण ऊन तेथे अधिक लागते.

आपण आंब्याच्या पेट्यांचा उल्लेख केला, तो मला महत्त्वाचा वाटतो. देठाच्या चिकातील तेलकट भागात टर्पीन वर्गाची रसायने असतात आणि टर्पेंटाइन त्याच कुळातले आहे. वर्षानुवर्षे असा हात लागत राहिला तर चाकाचा पृष्ठभाग मऊ पडण्यास त्याचा हातभार लागत असावा, असा माझा तर्क आहे. सॅनिटायझर लावलेला ओला हातही चाकाला मानवत नाही. २०२० नंतर पुष्कळ जणांची ती सवय झाली आहे.

टाकेवाला (पुणे)

माझे सीट आणि स्टिअरिंग मढवण्याचे काम आहे. सरांनी सांगितलेली परीक्षा योग्य आहे. मी तिच्या पुढचे सांगतो.

पदार्थ गेलेला असेल तर वरचा चिकट थर काढल्याशिवाय काहीही मढवू नये, अन्यथा तो उन्हात पाझरून टाक्यांमधून बाहेर येतो. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. पुण्यात ते पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळते. कापड ओलसर करावे, द्रव चाकावर ओतू नये, दारे उघडी ठेवावीत आणि जवळ आग नसावी. कापडावर रंग येणे थांबेपर्यंत पुसून चाक एक दिवस सावलीत वाळू द्यावे. आरे आणि बटणे यांवरचा मऊ लेप बहुधा कडक प्लास्टिकवर दिलेला असतो. तो याच द्रवाने पूर्ण निघतो आणि खालचे प्लास्टिक स्वच्छ उरते, तेथे पुढे काही करावे लागत नाही.

मढवण्यासाठी दोन मापे घ्यावीत: चाकाचा बाहेरचा परीघ आणि मुठीत येणाऱ्या कडेचा घेर. चाकाचा व्यास ३७ सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे ११६ सेंटिमीटर येतो. चामडे एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे घ्यावे आणि घेराच्या मापापेक्षा तीन-चार मिलिमीटर कमी कापावे, कारण ते ताणून बसले पाहिजे. बरोबर मापाने कापलेले चामडे महिन्याभरात सैल पडते. टाके आतील बाजूस, पाच मिलिमीटर अंतराने, मेण लावलेल्या जाड पॉलिएस्टर दोऱ्याने घालावेत.

रोजचा प्रवासी

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. बाजारात अडीचशे रुपयांत तयार कव्हर मिळते, ते मी पाच मिनिटांत चढवले आणि चिकटपणा झाकला गेला.

टाकेवाला (पुणे)

झाकला गेला, हे खरे आहे. तथापि, वळण घेताना धरतो तसे एकदा दोन्ही हातांनी कव्हर घट्ट धरून ते चाकावर फिरते का, हे गाडी उभी असताना पाहावे. आतली कडा चिकट असली तरी उन्हात तापल्यावर ती वंगणासारखी होते आणि कव्हर सरकते. शिवाय स्वस्त कव्हर पीव्हीसीचे असते. त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य चाकात उतरते आणि काही वर्षांनी कव्हर काढावे तर खालचे चाक पूर्वीपेक्षा वाईट निघते. अशी चाके माझ्याकडे नेहमी येतात.

सावध चालक

वाडीकर यांना लागू नाही, तरीही अन्य वाचकांसाठी लिहितो. भारतात १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पण त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांतही ती आहे. चाकाच्या मधोमध एसआरएस किंवा एअरबॅग अशी अक्षरे असतील तर घरी चाक उतरवू नये आणि मधल्या झाकणावर काहीही चिकटवू अथवा शिवू नये. कडा मढवण्यासाठी चाक उतरवण्याची गरज नसते.

वाडीकर (रत्नागिरी)

सर्वांचा आभारी आहे. तपासणीत खालचा अर्धा भाग केवळ मळकट निघाला आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ झाला. वरचा भाग मात्र सकाळी पुन्हा चिकटला. येथील दमट हवेत चामड्याला बुरशी येईल, म्हणून रेक्झिन घ्यावे का, असा विचार मनात आहे.

निवृत्त रसायन शिक्षक

रेक्झिनवर बहुधा पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचाच थर असतो, म्हणजे दहा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. बुरशी बंद, न वापरलेल्या गाडीत अधिक धरते. आपली गाडी रोज चालते, तेव्हा चामडे घ्यावे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावे.

वाडीकर (रत्नागिरी)

तीन आठवड्यांनी कळवत आहे. चामडे आणून दोन संध्याकाळी बसून स्वतः शिवले. पहिल्या संध्याकाळी घातलेले टाके दुसऱ्या दिवशी सगळे उसवावे लागले, कारण आऱ्यांपाशी ताण समान आला नव्हता. दुसऱ्या खेपेस आधी चारही आऱ्यांजवळ कच्चे टाके घालून मग मधले भाग शिवले, तेव्हा चामडे नीट बसले. हाताला रंग लागणे पूर्ण थांबले आहे. डावीकडचा जोड अर्धा सेंटिमीटर खाली सरकला आहे, तो तसाच ठेवला. दाराच्या खिशात आता साबण आणि पाण्याची बाटली असते, कारण पेट्या उतरवणे काही थांबणार नाही.