बाससाठी पहिला सेट घ्यायचाय: रील, लाईन आणि ल्युअर कसं ठरवू?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. गांडूळ लावून फ्लोट टाकून बसायची मासेमारी मी बरेच दिवस करतोय पण आता ल्युअर (नकली आमिष) टाकून बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला नीट शिकायचंय, मुख्यतः लार्जमाउथ. होडी नाही, काठावरूनच करणार. जिथे जातो तिथे एका बाजूला कमळाची पानं आणि दाट पाणवनस्पती, दुसऱ्या बाजूला पाण्यात आडवी पडलेली झाडं आणि थोडा खडक, पाणी कधी स्वच्छ तर पावसानंतर गढूळ. प्रश्न असा की एकच सेट घ्यायचा तर स्पिनिंग घेऊ का बेटकास्टर? व्हिडिओत जो तो बेटकास्टरच वापरताना दिसतो. मग लाईनचं, मोनो, फ्लुरो, ब्रेडेड, प्रत्येकजण वेगळं सांगतो. गिअर रेशो ५ पासून ८ पर्यंत आहेत त्यातला कुठला? आणि ल्युअरची यादी बघितली की काही सुचतच नाही एवढे प्रकार आहेत. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगा, वाचायला वेळ आहे माझ्याकडे.

गळ_आणि_गाठ
तुम्ही रीलपासून सुरुवात केलीत पण विचार उलटा करा असं सांगेन. मासा कुठे बसलाय, तिथवर कुठलं ल्युअर पोचेल, ते किती वजनाचं आहे, मग ते वजन फेकणारी रॉड, त्यावर लाईन आणि सगळ्यात शेवटी रील. रील शेवटी का, तर ल्युअरचं वजन ठरलं की रीलचा प्रकार आपोआप ठरतो.

स्पिनिंग रीलमध्ये कास्ट करताना म्हणजे ल्युअर फेकताना स्पूल (लाईन गुंडाळलेली फिरकी) फिरत नाही, लाईन त्याच्या तोंडावरून वेटोळ्या सुटत जाते, त्यामुळे हलकं ल्युअरसुद्धा लाईन ओढत लांब जातं. बेटकास्टरमध्ये मात्र ल्युअरने स्पूल फिरवायचा असतो. ल्युअर फार हलकं असेल तर स्पूलला वेगच येत नाही, आणि वेग आला आणि मग हवेत ल्युअर मंदावलं पण स्पूल फिरतच राहिला तर सुटलेल्या लाईनचा गुंता होतो, त्यालाच बॅकलॅश म्हणतात. म्हणून ढोबळ हिशोब असा की पाव औंस म्हणजे साधारण ७ ग्रॅमच्या खाली स्पिनिंग, त्याच्या वर दोन्ही चालतात, आणि बरंच वर गेलं की बेटकास्टर जास्त सोयीचा.

पहिलाच सेट असेल तर माझं मत स्पिनिंग. २५०० किंवा ३००० साईजचा रील, ७ फुटी रॉड, फास्ट ॲक्शन म्हणजे फक्त शेंड्याकडचा भाग वाकणारी. रीलमध्ये बेअरिंग किती आहेत ते मोजत बसू नका, ड्रॅग (जोर आला की लाईन सुटू देणारा ब्रेक) गुळगुळीत सुटतो का ते बघा, लाईन हाताने ओढून बघितली की कळतं, अडखळत सुटली तर तो रील नको. आणि कास्ट झाल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कमान) हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायची सवय पहिल्यापासून लावा, लाईनला पीळ पडायचं प्रमाण बरंच कमी होतं.

दाट_झाडीत
वरच्या बऱ्याच मुद्द्यांशी सहमत पण निष्कर्षाशी नाही. त्यांनी काय लिहिलंय बघा ना, कमळाची पानं आणि पडलेली झाडं! तिथे बास लागला की तो पहिल्या दोन सेकंदात फांदीखाली घुसतो, आणि तेव्हा त्याला ओढून बाहेर काढायची ताकद लागते, बारीक लाईन आणि मऊ रॉड तिथे कामाची नाही. अशा जागी बेटकास्टर आणि मीडियम हेवी (मध्यमपेक्षा ताठ) रॉड हेच खरं. गळ नीट रुततो, जाड लाईन बसते, आणि अंगठा स्पूलवर असल्याने ल्युअर जिथे हवं तिथेच अलगद थांबवता येतं, झाडाच्या बुंध्याला लागून टाकायचं असेल तर याला तोड नाही.

शिकायला अवघड असतो ही भीती वाढवून सांगतात. ल्युअर बांधा, रॉडच्या टोकापासून लोंबकळू द्या, बटण दाबून सोडा आणि स्पूल टेन्शनची छोटी घुंडी अशी घट्ट करा की ल्युअर हळूहळू खाली यावं आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबावा. ब्रेक, मग ते मॅग्नेटिक असोत की सेंट्रिफ्युगल, सुरुवातीला जास्तीवर ठेवा. अर्ध्या औंसाचं ल्युअर घ्या, मोकळ्या मैदानात सराव करा, झटका न देता रॉडला वजन पेलू द्या, आणि ल्युअर पाण्याला टेकायच्या आधी अंगठा स्पूलवर आलाच पाहिजे. हात बसला की ब्रेक एकेक पायरी कमी करत जा. वाऱ्याच्या विरुद्ध टाकताना परत वाढवा.

गिअर रेशोचं म्हणाल तर ७.१:१ म्हणजे हँडलचा एक फेरा मारला की स्पूलचे ७.१ फेरे. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, स्पूल लहान-मोठा असतो, त्यामुळे एका फेऱ्यात किती इंच लाईन आत येते हा आकडा बघा, तो खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतो. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला (पुढे जीभ असलेलं, ओढलं की बुडणारं ल्युअर) पाण्याचा विरोध जबरदस्त असतो, तिथे ५ च्या आसपासचा कमी रेशो मनगट वाचवतो. जिग (वजनदार डोक्याचा गळ), वर्म (मऊ प्लास्टिकचं गांडूळ), फ्रॉग (नकली बेडूक) यांत ल्युअर रॉडने हलवतात आणि रील फक्त ढिली लाईन गोळा करतो, मासा लागला की ती झटकन यायला हवी, म्हणून ७ किंवा ८. एकच घ्यायचा असेल तर ७ च्या आसपासचा, हळू फिरवणं आपल्या हातात असतं.

लाईनवाली
रील-रॉडवर पुष्कळ झालं, लाईनकडे कुणी बघतच नाही म्हणून मी लिहिते. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे करायला हवा कारण मासा आणि आपण यांच्यामध्ये दुसरं काही नसतंच.

मोनो म्हणजे नायलॉन. ताणतं, गाठ चांगली धरतं, सावकाश बुडतं. ताण असल्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या, तीन काट्यांच्या गळांच्या ल्युअरला छान, मासा उसळी मारतो तेव्हा गळ फाटून निघत नाही. तोटा असा की स्पूलवर राहून वेटोळं लक्षात ठेवतं आणि उन्हाने कमजोर होतं, तेव्हा बदलत राहायला लागतं. फ्लुरोकार्बन जड, घनता १.७८ च्या आसपास, त्यामुळे बुडतं, आणि त्याचा अपवर्तनांक १.४२ म्हणजे पाण्याच्या १.३३ च्या जवळ (नायलॉनचा साधारण १.५३) म्हणून स्वच्छ पाण्यात कमी दिसतं. खडकावर घासलं तरी टिकतं. पण ते बुडतं म्हणूनच टॉपवॉटरला म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या ल्युअरला लावू नका, ल्युअरचं नाक खाली खेचलं जातं आणि चाल बिघडते. आणि गाठ आवळताना ओली करा, कोरडी ओढली तर घर्षणाने जळते आणि नेमकी मोठ्या माशाला तुटते.

ब्रेडेड पॉलिथिलीनच्या तंतूंची, घनता ०.९७, तरंगते, ताण जवळपास शून्य, त्यामुळे लांबवर माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. आणि बारीक असते, ३० पाउंडाची ब्रेडेड जाडीला साधारण ८ पाउंडाच्या मोनोएवढी. पण दिसते, आणि खडकाच्या धारेवर घासली की पटकन कापली जाते. म्हणून स्वच्छ पाण्यात किंवा खडकात पुढे फ्लुरोचा लीडर, म्हणजे ल्युअरच्या बाजूला जोडलेला तुकडा.

अजून दोन गोष्टी. ब्रेडेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर जोर आला की अख्खा गठ्ठाच घसरतो, आणि वाटतं की ड्रॅग बिघडलाय. खाली थोडं मोनो घाला आणि त्याला ब्रेडेड जोडा. दुसरं, स्पिनिंगचा स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोनतीन मिलिमीटर मोकळं सोडा, नाहीतर वेटोळी एकदम सुटून गुंता होतो. फार कमी भरली तर लाईन कडेवर घासून कास्ट तोकडी पडते.

(जाता जाता, बासचा जागतिक विक्रम २२ पाउंड ४ औंसांचा, जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये पकडलेला. नायलॉनच १९३८ मध्ये जाहीर झालं, म्हणजे वर लिहिलेल्या तिन्हीपैकी एकही लाईन तेव्हा नव्हती! २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी जवळपास एक औंसाने मोठा पकडला, पण नियमाने किमान दोन औंस जास्त लागतात म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीत धरतात. मला हे फार आवडतं म्हणून लिहिलं.)

तळ्याकाठी
बाप रे, एवढं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे आभार. लाईनवाली ताई, गाठ कुठली मारू तेही सांगा. आणि ल्युअरचं अजून कुणी बोललं नाही.

लाईनवाली
ब्रेडेडला थेट ल्युअर किंवा गळ असेल तर पालोमार. लाईन दुहेरी करून डोळ्यातून काढायची असते म्हणून सोपी आणि न घसरणारी. मोनोला इम्प्रूव्ह्ड क्लिंच चालते. ब्रेडेड आणि लीडर जोडायला डबल युनी शिका, काठावर उभं राहून थंड हातांनीसुद्धा जमते. एफजी नावाची गाठ त्याहून बारीक होते आणि रॉडच्या कड्यांमधून अडखळत नाही पण ती घरी बसून घोटवावी लागते.

सावकाश_ओढा
ल्युअरबद्दल मी लिहितो. यादी बघून घाबरू नका, तुमच्या तळ्याला चार प्रकार पुरेत, आणि ते नीट वापरायला शिकणं हे चाळीस प्रकार बाळगण्यापेक्षा जास्त मासे देतं.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ५ इंची मऊ प्लास्टिकचा स्टिक वर्म, सेन्को ज्याला म्हणतात तो. स्वच्छ पाण्यात मोकळ्या जागी मधोमध गळ लावून वॅकी पद्धतीने, म्हणजे दोन्ही टोकं थरथरत बुडतात. झाडांमध्ये तोच वर्म टेक्सास रिगवर, ३/० किंवा ४/० ऑफसेट गळ आणि गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं, मग फांद्यांत अडकत नाही. टाका, लाईन थोडी ढिली सोडा आणि लाईनकडे बघत राहा. बास बहुतेक वेळा तो बुडत असतानाच उचलतो, हाताला काहीच कळत नाही, फक्त लाईन बाजूला सरकायला लागते किंवा तळ येण्याआधीच थांबते, तेव्हा ढील गोळा करून रॉड मारा, म्हणजे गळ रुतवायला झटक्याने वर ओढा. नवशिके इथेच घाई करतात, पडल्या पडल्या ओढायला लागतात. ओढू नका! बुडू द्या, थांबा, किंचित उचला, परत बुडू द्या.

गढूळ पाण्याला स्पिनरबेट (फिरणारी धातूची पाती असलेलं ल्युअर), ३/८ औंसाचं. गोल कोलोरॅडो पातं पाण्यात धडधड जास्त करतं आणि बासला ती अंगावरच्या पार्श्वरेषेने जाणवते, लांबट विलो पातं चमकतं जास्त म्हणून ते स्वच्छ पाण्याला. लाकडांच्या कडेने उथळ स्क्वेअरबिल क्रँकबेट, आणि ते मुद्दाम लाकडाला आपटवायचं, आपटून दिशा बदलली की त्याच क्षणी मासा हल्ला करतो. क्रँकबेट किती खोल जाणार ते पुढच्या जिभेवर ठरतं, लांब आणि मोठी जीभ म्हणजे खोल. आणि कमळाच्या पानांवर पोकळ फ्रॉग. त्याला मात्र ५० ते ६५ पाउंडाची ब्रेडेड, बिनलीडरची, इथे दाट झाडीत भाऊ म्हणतात ते शंभर टक्के खरं. पाणी फुटलं की लगेच मारू नका, माशाचं वजन हाताला लागू द्या मग मारा.

रंगांवर डोकं शिणवू नका. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, ज्याला ग्रीन पंपकिन म्हणतात, गढूळ पाण्यात काळा-निळा किंवा भडक पिवळा-हिरवा. रंगापेक्षा वेग महत्त्वाचा. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बासची पचनक्रिया आणि हालचाल दोन्ही मंदावतात, तो लांब पाठलाग करत नाही, तेव्हा सगळंच सावकाश आणि त्याच्या तोंडासमोर जास्त वेळ राहील असं.

गळ_आणि_गाठ
दाट झाडीत, तुमचा मुद्दा मान्य आहे, झाडांमध्ये मीडियम रॉड कमी पडेल. तरी एकच सेट म्हणून मधला मार्ग सुचवतो: ३००० चा स्पिनिंग रील, ७ फुटी मीडियम हेवी रॉड, २० पाउंडाची ब्रेडेड आणि १० ते १२ पाउंडाचा फ्लुरो लीडर. यावर वर्म, स्पिनरबेट, स्क्वेअरबिल सगळं चालतं. तेवढी अख्खी कमळाची पानं आणि फ्रॉग दुसऱ्या सेटसाठी राहू द्या. ड्रॅग लावताना लक्षात ठेवा, हिशोब ब्रेडेडच्या २० चा नाही, सगळ्यात कमजोर दुव्याचा म्हणजे लीडरचा करायचा, त्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांशावर लाईन सुटायला लागली पाहिजे. ताणकाट्याला लाईन बांधून ओढून बघा.

दाट_झाडीत
हो, हा मधला मार्ग मलाही पटतो, फक्त दुसरा सेट बेटकास्टरच घ्या.

काठसाथी
सगळं वाचलं, एक राहिलंय. लांब नाकाची पक्कड पहिल्याच दिवशी बरोबर हवी, आणि वायर कापायची कात्री, म्हणजे गळ खोल गेला तर लगेच काढता किंवा कापता येतो. बासला हात ओले करून धरा, खालच्या जबड्याला अंगठा लावून उचलता येतं पण मोठा मासा नुसता जबड्यावर आडवा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. तुटलेले वर्म पाण्यात टाकू नका, ते विरघळत नाहीत आणि मासे गिळतात. काही ठिकाणी शिशाच्या वजनांवर बंदी आहे, तुमच्याकडचे नियम आणि परवाना आधी बघून घ्या. टंगस्टन शिशापेक्षा बरंच घन असल्याने त्याच वजनाचा तुकडा लहान होतो, फांद्यांतून सहज निसटतो आणि तळ खडकाळ आहे का चिखलाचा तेही रॉडवर जास्त स्पष्ट कळतं, म्हणून टेक्सास रिगला मी तेच लावते.

तळ्याकाठी
ठरलं, ३००० स्पिनिंग, मीडियम हेवी, २० ब्रेडेड, लीडर, आणि पहिले काही आठवडे फक्त स्टिक वर्म. लीडर किती लांब ठेवू तेवढं सांगा?

लाईनवाली
सुरुवातीला आखूडच, कास्ट करताना ल्युअर रॉडच्या टोकापासून जेवढं लोंबकळतं तेवढाच, म्हणजे जोडगाठ कड्यांच्या बाहेरच राहते आणि अडखळत नाही. एफजी हातात बसली की लांब करा. आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर लीडर बोटांमधून फिरवून बघा, जरा जरी खरखरीत लागला तरी तेवढा कापून परत बांधा.

तळ्याकाठी
उत्तम. डबल युनी आज रात्रीपासूनच घोटवायला घेतो.