ससा कुत्र्यापेक्षा सोपा?

कुणीतरी म्हटलंय की सोडवून आणलेला ससा काही दिवस घरी सांभाळणं कुत्र्यापेक्षा सोपं, पिंजरा आणि गाजर पुरतं. असे ससे सांभाळायचंच काम मी करते म्हणून थोडी भर.

गाजर गोड, ते कधीतरी एखादा तुकडा. मुख्य खाणं सुकं गवत, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि आतडं सतत चालू राहावं लागतं. ससा दुखणं लपवतो. त्यामुळे सकाळी मी आधी लेंड्या बघते, मग चहा. दहा-बारा तास खाणं बंद असेल तर 'उद्या बघू' चालत नाही. आणि डॉक्टर सशांची सवय असलेलाच हवा. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला घातक ठरू शकतं.

दुकानातली 'गोड जोडी' हा तर वैतागच. गर्भकाळ जेमतेम 30-32 दिवस, आणि मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून आल्या आल्या नर-मादी वेगळे. नसबंदीनंतरही काही आठवडे नरापासून मादी गाभण राहू शकते, म्हणून तेवढे दिवस त्याला लांबच ठेवायचं, हे सांगितलं की लोक हसतात!

शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू मात्र घरी आणू नका. तो वन्यप्राणी, कायद्याने संरक्षित. शिवाय पिल्लू एकटं दिसलं तरी आई बहुधा अंधार पडल्यावर पाजायला येते. जखमी असेल तर वनविभागाला कळवा.