डियाब्लोची राइड: सॅक नको, मग सामान कुठे?

नमस्कार मंडळी,
रविवारी सायकलनं माउंट डियाब्लोला (कॅलिफोर्नियातला डोंगर) मीही येतेय. आयर्न हॉर्स ट्रेलवर (सपाट सायकलमार्ग) पाठीला सॅक लावून जायचे, सपाटीवर ते खपून गेलं. चढावर मात्र पाठ भिजून जाते, खांदे भरून येतात. ट्यूब, पंप, पाने (स्पॅनर वगैरे), पाणी तुम्ही कुठे ठेवता? माझी फ्रेम लहान आहे, सीटखाली फार जागा नाही.

---

ताई,
सॅक घरीच ठेवा, अगदी आग्रहानं सांगतोय. शिखर 3,849 फुटांवर आहे आणि पाठीवरचं ओझं तिथपर्यंत तुमच्या मनगटांना सोसावं लागतं. तेच फ्रेमवर बांधलं की अंग मोकळं राहतं.

सगळ्यात जड असतं पाणी, ते दोन बाटल्यांत, फ्रेमवरच. पंप बाटलीच्या केजशेजारी (बाटली अडकवायचा सांगाडा) क्लिपनं बसतो. सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड) 16 ग्रॅमचं नळकांडं क्षणात टायर भरतं, पण तो वायू ट्यूबमधून लवकर झिरपतो (घरी आल्यावर साधी हवा भरा) आणि दुसऱ्या पंक्चरला हात रिकामे. म्हणून माझं मत पंपालाच.

लहान फ्रेमवर मोठी सॅडल बॅग (सीटखालची पिशवी) मागच्या टायरला घासते. मुठीएवढी घ्या, तिच्यात ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या) आणि मल्टिटूल (अनेक पाने एकत्र असलेलं हत्यार) मावतं. ट्यूब जुन्या मोज्यात घाला. सुटी ट्यूब मल्टिटूलला घासून घासून तिला बॅगेतच भोक पडतं, आणि कळतं ते पंक्चर झाल्यावर. चेनला हात घालायची वेळ आली तर तोच मोजा हातात चढवता येतो.

सामान आपल्याच सायकलचं हवं. मल्टिटूलमध्ये 4, 5 आणि 6 मिमीच्या ॲलन की (षटकोनी तोंडाच्या) बघा, डिस्क ब्रेक असतील तर टी-25 (ताऱ्याच्या तोंडाची) सुद्धा. चेनची क्विक लिंक (चेन जोडायची कडी) 11 स्पीडची (मागे 11 गिअर) 12 स्पीडला चालत नाही. रिम खोल असेल तर ट्यूबचा व्हॉल्व्ह लांब लागतो. उसन्या ट्यूबवर भिस्त ठेवू नका, दुसऱ्याची मापाला बसेलच असं नाही.

जर्सीच्या मधल्या खिशात कठीण काही नको. पडलात तर ते थेट मणक्यावर येतं. तिथे घडी घातलेलं विंडचीटर ठेवा, उतारावर वारा झोंबतो. फोन कडेच्या खिशात, झिपच्या पिशवीत. सोबत एक डॉलरची नोट. टायर कडेला चिरलं तर घडी करून आतून लावायची, ट्यूब बाहेर येत नाही.

---

ताई, दादांनी सांगितलंय त्यात एवढीच भर: दोन केज असतील आणि सकाळी लवकर निघणार असाल, तर एका केजमध्ये टूल बॉटल बसवा. बाटलीच्याच आकाराचा डबा असतो, ट्यूब-पाने सगळं आत. उन्हाळ्यात मात्र डियाब्लोवर दोन्ही केज पाण्यालाच द्या.

आणि मागचं चाक काढून ट्यूब बदलायची सवय आहे ना? नसेल तर शनिवारी संध्याकाळी सायकल घेऊन घरी या, दोनदा काढून-बसवून बघू.