मदत हवी आहे: निकालाच्या दिवशी अ‍ॅस्टरिस्क सर्व्हरला ४०० कॉल पेलवत नाहीत

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका ट्रस्टची हेल्पलाइन आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर मुलं आणि पालक फोन करतात. निवृत्त शिक्षक आणि समुपदेशक मिळून साठेक जण फोन घेतात. सर्व्हर मी सांभाळतो; त्यावर अ‍ॅस्टरिस्क हे फोन यंत्रणा चालवणारं सॉफ्टवेअर आहे.

एरवी एका वेळी तीस-चाळीस कॉल असतात, काहीच अडत नाही. पण निकाल दुपारी १ वाजता ऑनलाइन लागतो आणि पाच-दहा मिनिटांत सेकंदाला १५-२० नवे कॉल येऊ लागतात. ट्रंकवर (फोन कंपनीकडून येणाऱ्या जोडणीवर) ४०० चॅनेल आहेत, पण २५०च्या पुढे गेलं की दोन गोष्टी होतात. आधीच बोलत असलेल्यांचा आवाज तुटतो. आणि नवा फोन लावणाऱ्याला काही सेकंद नुसती शांतता ऐकू येते, मग रिंग जाते किंवा कॉल कटतो.

व्यवस्था अशी: अ‍ॅस्टरिस्क २०, पीजेसिप (त्यातला सिप, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडण्याचे नियम, सांभाळणारा भाग), डेबियन १२ लिनक्स, डेटा सेंटरमधलं १६ कोअरचं व्हर्च्युअल मशीन, ६४ जीबी रॅम. सिप ट्रंक यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट्स पाठवण्याची पद्धत), कोडेक (आवाजाचं डिजिटल रूप) सगळीकडे ए-लॉ, समुपदेशकांच्या सॉफ्टफोनवरही. आयव्हीआरमध्ये (बटण दाबून उत्तर द्यायच्या ध्वनिमुद्रित प्रश्नांत) दहावी की बारावी आणि नऊपैकी कोणतं विभागीय मंडळ एवढं विचारतो. मग एक एजीआय स्क्रिप्ट (कॉल चालू असताना चालवला जाणारा बाहेरचा छोटा प्रोग्राम) डेटाबेसमध्ये पाहते आणि कॉल क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, जातो. सगळे कॉल मिक्समॉनिटरने रेकॉर्ड होतात. समन्वयकांसाठी एएमआयवर (आतल्या घडामोडी, म्हणजे इव्हेंट्स, बाहेर कळवणाऱ्या मॅनेजर या सोयीवर) चालणारा एक डॅशबोर्ड आहे.

गोंधळ चालू असताना 'टॉप' या भार दाखवणाऱ्या कमांडमध्ये एकूण सीपीयू ३५ टक्क्यांच्या वर नसतो, रॅम मोकळी असते. लॉगमध्ये मात्र 'स्टॅसिस/एम:मॅनेजर:कोअर' या टास्कप्रोसेसरच्या (आतली कामं एकेक करून उरकणाऱ्या भागाच्या) रांगेत ५०० कामं साचल्याची वॉर्निंग सारखी येते. ओपन फाइल्सची मर्यादा ६५,५३६ केली आहे. आरटीपीसाठी (आवाजाच्या पॅकेट्ससाठी) १०००० ते २०००० पोर्ट आहेत. दोन बाजूंचा कॉल चार पोर्ट घेतो असं धरलं तरी २५०० कॉल मावतात, म्हणजे अडचण तिथे नसावी.

कोअर वाढवून घ्यावेत की कामाइलिओ (कॉल सर्व्हरांमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर) पुढे ठेवून दोन अ‍ॅस्टरिस्क चालवावेत, यावर आमच्याकडे चर्चा चालू आहे. पैसे देणगीतून येतात, म्हणून आधी विचारतो. नापास झालेली, घाबरलेली मुलगी घरच्यांच्या नकळत एकदा फोन लावते. तो लागला नाही तर ती पुन्हा लावेलच असं नाही. पुढच्या निकालाआधी हे नीट व्हायलाच हवं.

प्रतिसाद १

दादा, कोअर वाढवू नका. मशीनमध्ये ताकद आहे. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, ते आधी वेगळे करा.

शांततेचं कारण तुमच्या लॉगमध्येच आहे. पीजेसिपला एखाद्या टास्कप्रोसेसरची रांग ५००वर गेलेली दिसली की तो मशीनवर भार आहे असं समजतो आणि नवी रिक्वेस्ट घेत नाही. ट्रंक टीसीपीवर (पोच घेणाऱ्या पद्धतीवर) असती तर ५०३, म्हणजे 'सध्या सेवा नाही' हे उत्तर, तरी परत गेला असता. यूडीपीवर तो चक्क गप्प बसतो आणि पलीकडचा पुन्हा पाठवेल यावर विसंबतो. सिपच्या नियमाप्रमाणे पलीकडचा इन्व्हाइट (कॉल सुरू करण्याची विनंती) अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवतो, मग एका, मग दोन सेकंदांनी, असं ३२ सेकंदांपर्यंत. तुमच्या मुलांना ऐकू येणारी शांतता ती हीच.

आता गंमत बघा, साचलेली रांग कॉलची नाहीच, डॅशबोर्डला जाणाऱ्या इव्हेंट्सची आहे. मूळ सेटिंगमध्ये कुठलीही रांग साचली तरी दार बंद होतं. पीजेसिप.कॉन्फच्या ग्लोबल विभागात 'टास्कप्रोसेसर_ओव्हरलोड_ट्रिगर'ची किंमत 'पीजेसिप_ओन्ली' करा. मग डॅशबोर्ड मागे पडला तर पडू दे, फोन घेतले जातील.

पण रांग का साचते तेही बघा. 'कोअर शो टास्कप्रोसेसर्स' चालवून कमाल खोलीचा रकाना पाहा. एजीआय स्क्रिप्ट भाराभर व्हेरिएबल सेट करत असेल तर प्रत्येकाचा एक व्हारसेट इव्हेंट निघतो. शिवाय दर पाच सेकंदांनी प्रत्येक बाजूचे आरटीसीपीचे (आवाजाच्या दर्जाच्या अहवालांचे) इव्हेंट. डॅशबोर्डला यातलं काही लागत नसेल तर स्टॅसिस.कॉन्फमध्ये हे प्रकार 'डिक्लाइन' करून टाका, म्हणजे ते तयारच होणार नाहीत. एएमआय युजरला नुसता इव्हेंट फिल्टर लावून हे काम हलकं होत नाही, कारण इव्हेंट बांधून झाल्यावर तो गाळला जातो.

तुटणाऱ्या आवाजासाठी एकूण सीपीयूचा आकडा कामाचा नाही. 'टॉप'मध्ये १ दाबा आणि कोअरनिहाय 'एसआय'चा रकाना (मुख्यतः नेटवर्कची पॅकेट्स हाताळण्यात गेलेला वेळ) बघा. मशीनला नेटवर्क कार्ड कोणतं दिलंय?

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार. लॉगमधली ती ओळ मी डॅशबोर्डची तक्रार समजून सोडून देणार होतो, तिचा कॉलशी असा संबंध असेल हे कुठेच वाचलं नव्हतं.

काल रात्री दुसऱ्या मशीनवरून सिप-पी या चाचणीसाठी कॉल तयार करणाऱ्या साधनाने भार टाकला, सेकंदाला २० कॉल, कमाल ४००, सोबत आवाजाची पीकॅप फाइल (नोंदवून ठेवलेली पॅकेट्स). (नुसतं सिग्नलिंग टाकलं तर आवाजाचा दोष दिसतच नाही.) कोअर ० वर 'एसआय' ९० टक्क्यांच्या वर, हेच काम करणारी 'केसॉफ्टआयआरक्यूडी' ही प्रोसेस सगळ्यात वर, बाकीचे पंधरा कोअर जवळपास रिकामे! कार्ड ई-१००० दाखवतंय.

प्रतिसाद १

मग सापडलं. ते जुन्या कार्डाचं सोंग आहे. हायपरव्हायजर (व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक पॅकेटमागे त्याची नक्कल करतो, आणि त्याला रांग एकच, म्हणून सगळी पॅकेट्स एकाच कोअरच्या माथी. टोलनाक्यावर सोळा खिडक्या बांधून एकच उघडी ठेवावी, तसं झालंय.

हिशोब करा. ए-लॉचं पॅकेट २० मिलिसेकंदांचं, म्हणजे एका बाजूला सेकंदाला ५० पॅकेट्स येतात आणि ५० जातात. ४०० फोन करणारे आणि ६० समुपदेशक मिळून २३,००० आत आणि तेवढीच बाहेर. व्हर्टआयओला (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेल्या कार्डाला) हे ओझं नाही. डेटा सेंटरला सांगून कार्ड व्हर्टआयओ करून घ्या, मल्टिक्यूसह, म्हणजे अनेक रांगांसह. तोवर आरपीएस चालू करून पॅकेट्स इतर कोअरवर वाटा. नक्कल करण्याचा खर्च त्याने वाचणार नाही, पण थोडा श्वास मिळेल. कार्ड बदलल्यावर 'एसटी'चा रकानाही बघा. शेजारची मशीन्स तुमचा वेळ खात असतील तर तो तिथे दिसतो.

कामाइलिओ उत्तम आहे, पण ४०० कॉलसाठी आणखी एक सर्व्हर सांभाळायचा ताप घेऊ नका.

प्रतिसाद २

मी एका रुग्णालयाची फोन यंत्रणा बघते. वरचं सगळं पटलं, त्यात थोडी भर घालते.

सिपचा सॉकेट एकच असतो, ५०६० पोर्टचा. लोंढा आला की त्याचा बफर भरतो. 'नेटस्टॅट -एसयू'मध्ये रिसीव्ह बफर एरर्स वाढताना दिसले तर कर्नलचे आरमेम_डिफॉल्ट आणि आरमेम_मॅक्स वाढवून अ‍ॅस्टरिस्क रीस्टार्ट करा. आयव्हीआरचे संदेश वेव्हमध्ये असतील तर 'फाइल कन्व्हर्ट'ने ए-लॉमध्ये करून ठेवा, म्हणजे दर कॉलला ट्रान्सकोडिंग (आवाजाचं रूप बदलणं) नको. सीडीआर (प्रत्येक कॉलच्या नोंदी) डेटाबेसमध्ये थेट जात असतील तर बॅच (नोंदी एकगठ्ठा लिहिणं) चालू करा, मात्र अ‍ॅस्टरिस्क कोसळला तर हातातली बॅच जाते हे धरून चाला. एजीआय दर कॉलला नवी प्रोसेस उघडतं, त्याऐवजी फास्टएजीआय (सतत चालू असलेल्या प्रोग्रामला नेटवर्कवरून विचारणं) करा.

आणि रेकॉर्डिंगबद्दल मला मनापासून सांगायचंय. क्यूमध्ये थांबलेलं मूल रडत असेल, शेजारी आईशी बोलत असेल, ते रेकॉर्ड करायचं कारणच काय? क्यूज.कॉन्फमध्ये मॉनिटर-टाइप मिक्समॉनिटर आणि मॉनिटर-फॉरमॅट दिलं की समुपदेशकाने फोन उचलल्यावरच रेकॉर्डिंग सुरू होतं. तेही सांगून, संमती घेऊन. ४०० ऐवजी ६० फाइल्स लिहिल्या जातील.

दुसरं म्हणजे, फोन घेणारे साठ आणि थांबलेले साडेतीनशे, हे कुठल्याही ट्यूनिंगने सुटणार नाही. क्यू ठरावीक लांबीच्या वर गेली की नंबर नोंदवून घ्या आणि 'आम्ही फोन करतो' असं सांगा. आधी १ दाबून विचारा मात्र. फोन वडिलांच्या हातात असू शकतो.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, शेवटचा मुद्दा आमच्या समुपदेशकांना वाचून दाखवला. परतीच्या फोनची वेळ मुलालाच निवडू द्यायची असं ठरलंय, आणि उचलणारा दुसरा कुणी असेल तर हेल्पलाइनचं नाव सांगायचं नाही.

कार्ड व्हर्टआयओ झालं, चार रांगांसह. ट्रिगर बदलला, व्हारसेट आणि आरटीसीपी डिक्लाइन केले, रेकॉर्डिंग क्यूवर नेलं. त्याच सिप-पी चाचणीत ४०० कॉलला आवाज स्वच्छ, कुठलाही कोअर ३० टक्क्यांच्या वर नाही, इन्व्हाइट पुन्हा पाठवावे लागले नाहीत. मॅनेजरची रांग अजून अधूनमधून दोनशेपर्यंत जाते. डॅशबोर्ड दर सेकंदाला क्यू स्टेटस मागतो, ते दहा सेकंदांवर आणतोय.

फास्टएजीआय राहिलंय. पीएचपीतली स्क्रिप्ट तशीच ठेवून ते करता येतं का, की पायथनमध्ये नव्याने लिहावी? कुणी केलं असेल तर सांगा.