मदत हवी आहे: लोड फोरकास्टमध्ये शेतीपंपाचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, एम.टेक.चा प्रोजेक्ट आहे आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय म्हणून विचारतोय. सोलापूर जिल्ह्यातलं एक ३३/११ केव्ही उपकेंद्र घेतलंय, त्यावर दोन गावठाण फीडर (उपकेंद्रातून गावाकडे निघणाऱ्या लाईनी) आणि दोन शेतीचे. उद्याची मागणी १५-१५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये सांगायची आणि मग तिथं सोलर किती, बॅटरी किती लागेल ते काढायचं. आमच्या घरी अजून रात्री बाराला थ्री फेज (पंपाला लागणारी लाईट) आली की वडील टॉर्च घेऊन विहिरीवर जातात, त्यामुळे हे नुसतं मार्कांसाठी नाहीये.

डेटा म्हणजे लॉगशीटचे फोटो. दर तासाला प्रत्येक फीडरचा अँपिअर पेनाने लिहिलेला आणि लाईट नव्हती तिथं लाल शाईची रेघ. त्या रेघा मी शून्य धरल्यात. मॉडेल लाइटजीबीएम (जुन्या आकड्यांवरून शिकून अंदाज देणारं), इनपुट कालचा लोड, गेल्या आठवड्यातला त्याच वाराचा लोड आणि ईआरए५ (जुन्या हवामानाचा तासागणिक डेटा) मधलं तापमान. गावठाणला छान बसतं, फक्त दिवाळीत फसत होतं कारण मी मागच्या वर्षीची तीच तारीख बघायचो आणि लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला. आता पंचांगाची तिथीच इनपुट दिली.

शेतीच्या फीडरवर मात्र पार वाट लागते. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री अशी पाळीने मिळते; सोमवारी पाळी दिवसाची रात्रीवर गेली की मॉडेल आठवडाभर सकाळी दहाला पंप चालू दाखवत बसतं. अंदाज किती टक्के चुकला ते काढायला गेलो तर लोड शून्य असतो तिथं भागाकारच होत नाही. हाच लोड पायपीएसए (सोलर-बॅटरी किती लागेल ते काढणारं सॉफ्टवेअर) मध्ये टाकला तर बॅटरी इतकी मोठी सांगतो की गाईड म्हणाले परत बघ. शिवाय ईआरए५ वरून काढलेला सोलरचा अंदाज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतो, रोजच. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
सोलरचं आधी सांगतो, मीही यात अडकलो होतो. ईआरए५ ची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, तुम्ही साडेपाच तास मिळवले असतील ते बरोबरच आहे, पण रेडिएशनचा आकडा मागच्या तासाची बेरीज असते. म्हणजे ११:३० चा शिक्का असलेला आकडा १०:३० ते ११:३० चा. तुम्ही तो पुढच्या चार ब्लॉकना वाटला असणार, म्हणून अख्खा आलेख तासभर उशिरा सरकलाय. मागच्या चार ब्लॉकना वाटा. आणि तो जूलमध्ये असतो, वॅट हवे तर ३६०० ने भागा.

प्रतिसाद २:
दादा, शेतीचा लोड हवामानावरून ओळखायला जाऊच नका, तो पाळीवर चालतो आणि उद्याची पाळी आजच माहीत असते. तीच इनपुट द्या. मॉडेलने फक्त थ्री फेज असताना किती लोड येईल एवढंच सांगायचं, त्याला गेल्या आठ-दहा दिवसांचा पाऊस आणि ऊस किती आहे ते पुरे. लाल रेघ म्हणजे शून्य नाही, नोंद नाही असं धरा. लाईट नव्हती म्हणून पाणी नको होतं असं थोडंच असतं? आणि लाईट आल्यावरचा पहिला ब्लॉक वेगळा ठेवा, ऑटो स्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम उचलतात. चूक टक्क्यांऐवजी किलोवॉटमध्ये मोजा.

बॅटरीचं उत्तर मोठं येतंय कारण रात्रीचा लोड तुम्ही मागणी म्हणून दिलाय. रात्री पाणी द्यायचं शेतकऱ्याने कुठं ठरवलं, पाळीने ठरवलं. पंपांना दिवसाला किती युनिट लागतात तेवढंच द्या आणि कुठल्या तासात द्यायचे ते पायपीएसए ला ठरवू द्या.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सोलरचा आलेख आता मीटरवर बसला. पंपांचे तास मोकळे सोडले तर सगळा शेतीलोड साडेनऊ ते चारमध्ये गेला आणि बॅटरी फक्त गावठाणच्या संध्याकाळपुरती उरली, आकडा बघून खरंच खूप बरं वाटलं, वडिलांना फोन करून सांगितलं.

एक अडचण आहे अजून. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तरी आभाळ भरलेलंच असतं, पंप जोरात आणि सोलर अर्धं. असे सलग किती दिवस धरायचे? एकच वर्ष घेऊन चालेल की जुनी सगळी वर्षं चालवू? लॅपटॉप ८ जीबीचा आहे.